किडनी सांभाळून संधिवाताचं औषध

संधिवाताच्या गोळ्या चालू आहेत आणि रक्ततपासणीत क्रिएटिनिन (किडनीचं काम मंदावलं की रक्तात साठणारा टाकाऊ पदार्थ) वाढलंय म्हणताय, तर आधी घरातली गोळ्यांची पाकिटं उलटून वाचा. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, इटोरिकॉक्सिब यांपैकी कुठलं वेदनाशामक दिसलं की डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी घेऊ नका. ‘पॅरासिटामॉलचीच आहे’ म्हणून मिळणाऱ्या गोळीत बऱ्याचदा असेक्लोफेनॅक १०० मिलिग्रॅम असतं, तेही याच जातीचं. या गोळ्यांनी किडनीकडे जाणारी रक्तवाहिनी आवळते. त्यात बीपीची टेल्मिसार्टन, लघवीची गोळी आणि पुण्यातला एप्रिलचा उन्हाळा, मग किडनीवर किती ताण येतो ते विचारूच नका.

साध्या पॅरासिटामॉलने दुखणं दबेल, सूज नाही. सुजेचं मूळ औषध संधिवाततज्ज्ञच ठरवतील. मेथोट्रेक्सेट दिलं तर आठवड्यातून एकदाच, रोज नव्हे! ते किडनीवाटेच बाहेर पडतं, म्हणून ईजीएफआर (किडनी रक्त किती गाळते याचा रिपोर्टमधला आकडा) ३० च्या खाली असेल तर सहसा टाळतात. तपासणीला जाताना सगळी पाकिटं पिशवीत घालून न्या.