सुरुवात किंगपिनपासून करा
आपण दुरुस्तीसाठी शक्तिमान, म्हणजे लष्करातला जुना ट्रक, घेतलात याचा मनापासून आनंद झाला. मात्र इंजिनाला इतक्यात हात लावू नका. आधी किंगपिन, म्हणजे पुढचे चाक ज्यावर डावी-उजवीकडे वळते ती पिन, तपासा. त्यासाठी पुढचा अ‍ॅक्सल जॅकने उचलून भक्कम स्टँडवर टेकवा, चाक वरून-खालून धरून हलवा आणि सोबत्याला ब्रेक दाबायला सांगा. ब्रेक दाबल्यावर प्ले, म्हणजे चाकाचा ढिलेपणा, नाहीसा झाला तर दोष बहुधा व्हील बेअरिंगचा, तसाच राहिला तर किंगपिनचा किंवा तिच्याभोवतीच्या बुशचा (नळीसारख्या अस्तराचा). पिन मायक्रोमीटरने न मोजता नुसते नवे बुश बसवणे, ही नवशिक्यांची नेहमीची चूक असते. जुना भाग भंगारात देऊ नका, मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवरच्या बाजारात सुटा भाग घेताना तोच नमुना म्हणून दाखवावा लागतो. साफ केलेल्या पिनेला त्याच संध्याकाळी तेल लावा. आपल्या पावसाळी, खाऱ्या हवेत सकाळपर्यंत तांबूस थर चढतो. रीमिंगचे, म्हणजे नव्या बुशचे भोक पिनेच्या मापाला तासण्याचे, नंतर सांगेन.