तांब्याचा हंडा आणि चेरी कोळंबी : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मुलीच्या हट्टापायी दिवाळीत १२ शोभेच्या लाल चेरी कोळंब्या आणल्या. ३० लिटरची काचेची टाकी, स्पंज फिल्टर आणि थोडे जावा मॉस (पाण्यात वाढणारे शेवाळ) अशी व्यवस्था आहे. आमच्या बोअरचे पाणी फार जड असल्यामुळे पहिल्यापासून आरओचेच पाणी वापरतो. होळीनंतर टाकीतले पाणी भराभर आटू लागले, तेव्हापासून तांब्याच्या हंड्यात रात्रभर ठेवलेले आरओचे पाणी रोज सकाळी तांब्याभर घालतो. गेल्या तीन आठवड्यांत पाच कोळंब्या दगावल्या आणि त्यांतल्या दोघींच्या मानेभोवती पांढरे कडे दिसले. उरलेल्या सात वाचतील का? — एक वाचक, परभणी

उत्तर : वाचण्याची शक्यता चांगली आहे, मात्र हंड्यातले पाणी आजपासूनच बंद करावे लागेल. कोळंबीच्या निळसर रक्तात प्राणवायू वाहून नेणाऱ्या द्रव्यात तांबेच असते, परंतु तिला लागणारे अत्यल्प तांबे अन्नातून मिळते. पाण्यात विरघळलेले तांबे मात्र थेट कल्ल्यांना इजा करते. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे २ मिलिग्रॅमपर्यंत तांबे जागतिक आरोग्य संघटनेने चालवून घेतले आहे, पण कोळंबीला त्याचा दहावा भागही घातक ठरू शकतो. त्यातून आपले पाणी आरओचे. तांब्याला कल्ल्यांवर काही प्रमाणात अडवणारे कॅल्शियम त्यात जवळजवळ नसते, म्हणून तेवढेच तांबे जड पाण्यापेक्षा मृदू पाण्यात अधिक बाधते. शिवाय पाणी आटते तेव्हा तांबे मागेच राहते, म्हणजे आपण रोज तांब्याभर पाणी घालत होतात तेव्हा कालच्या तांब्याच्या अंशावर आजच्या अंशाची भर पडत होती. हल्ली काही आरओ यंत्रांतही तांब्याचा गुण देणारा भाग बसवलेला असतो. आपले यंत्र तसे असेल तर ते पाणीही टाकीला नको.

मानेभोवतीच्या पांढऱ्या कड्याचे मूळ बहुधा दुसरे आहे. कोळंबी वाढताना कात टाकते, त्या वेळी मानेमागे कवच उकलते आणि झटका देऊन ती बाहेर पडते. पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियम पुरेसे नसेल, किंवा एकदम बरेच पाणी बदलले गेले, तर ही उकल चारही बाजूंनी कड्यासारखी होते आणि कोळंबीला त्यातून सुटता येत नाही. अशा कोळंबीला हात लावू नये. मी एकदा चिमट्याने मदत करायला गेलो आणि चिमट्यात नुसते डोके आले. ज्या बोअरच्या पाण्याने भांड्यांवर पांढरा थर बसतो म्हणून आपण ते टाळलेत, त्यातच तिच्या कवचाला लागणारा माल आहे.

आता बचावाचे. स्टील किंवा प्लॅस्टिकच्या बादलीत आरओचे आणि बोअरचे पाणी मिसळावे. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार, मोजण्याचे पेनासारखे यंत्र मिळते, त्यावर आकडा २०० ते २५० च्या आसपास येईपर्यंत बोअरचे पाणी थोडे थोडे वाढवीत जावे. बोअर शेताला लागून असेल तर खताचे नायट्रेट उतरलेले असण्याचा संभव असतो, म्हणून पाणी एकदा तपासून घेतलेले बरे; पिण्यासाठी लिटरमागे ४५ मिलिग्रॅमपर्यंत चालणारे नायट्रेट कोळंबीसाठी २० च्या आत असावे. टाकीतले चौथा हिस्सा पाणी काढून हे नवे पाणी घालावे, पण ओतू नये. औषधांच्या दुकानातून सलाईनची कोरी नळी आणून बादली टाकीपेक्षा उंच ठेवावी आणि नळीवरचे चाक फिरवून सेकंदाला दोन-तीन थेंब पडतील असे करावे. सगळे पाणी पडायला पंधरा-वीस तास लागतात, पण कोळंबीला धक्का बसत नाही. असे एक दिवसाआड चार-पाच वेळा करावे. सोबत सक्रिय कोळशाची पुरचुंडी फिल्टरजवळ ठेवली तर तिच्यात काही तांबे शोषले जाते. सगळे पाणी एका दमात बदलण्याचा मोह मात्र टाळावा, कारण त्या धक्क्याने कोळंब्या अवेळी कात टाकतात आणि पुन्हा तेच पांढरे कडे दिसू लागते. हे झाल्यावर रोज आटणाऱ्या पाण्याच्या जागी साधे आरओचे पाणीच घालावे, कारण क्षार टाकीत उरलेलेच असतात. मिश्रण फक्त पाणी बदलताना वापरावे.

मेलेल्यांचा हिशेबही पुन्हा करून पाहावा. टाकलेली कात सेलोफेनसारखी पारदर्शक आणि पोकळ असते, मिशांसकट अख्खी असते, म्हणून नवखा माणूस तिलाच प्रेत समजतो. मेलेली कोळंबी शिजवल्यासारखी गुलाबी, गढूळ दिसते. ती लगेच काढावी, कात मात्र राहू द्यावी, कोळंब्या ती स्वतःच कुरतडून खातात.

उन्हाचे म्हणाल तर टाकीचे पाणी ३० अंशांच्या वर जाऊ लागले की त्यातला प्राणवायू कमी होतो. टाकीचे झाकण काढून पाण्याच्या पृष्ठभागावर लहान पंख्याचा वारा सोडावा. आपल्याकडची हवा कोरडी असल्यामुळे बाष्पीभवन जोरात होते आणि पाणी दोन-तीन अंशांनी सहज उतरते. बर्फाचे तुकडे टाकू नयेत.

प्रश्न : ज्या गावाला २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेथे शोभेच्या कोळंब्यांसाठी पाणी खर्च करणे मनाला पटत नाही. आपले मत काय? — एक वाचक, लातूर

उत्तर : आपली टोचणी रास्त आहे. हिशेब मात्र असा, की २० लिटरच्या टाकीत आठवड्याला २ लिटर पाणी बदलले तरी पुरते आणि काढलेले पाणी कोळंब्यांच्या विष्ठेमुळे कुंड्यांना खतासारखे लागू पडते. आमच्या तुळशीला गेली काही वर्षे दुसरे पाणी क्वचितच लागले आहे. टँकरच्या पाण्यात ब्लीचिंग पावडर असते, म्हणून ते उघड्या बादलीत दिवसभर ठेवून मगच वापरावे.

प्रश्न : गोदावरीत सापडणारे झिंगे चेरी कोळंब्यांबरोबर ठेवता येतील का? आणि पिल्ले फार झाली तर नदीत सोडावीत का? — एक वाचक, नांदेड

उत्तर : दोन्ही गोष्टी करू नयेत. नदीतले लांब नांग्यांचे झिंगे या दोन-अडीच सेंटिमीटरच्या कोळंब्यांना खाऊन टाकतील. चेरी कोळंबी मूळची पूर्व आशियातली; मादी एका वेळी वीस-तीस अंडी पोटाखाली बाळगते आणि सुमारे महिन्याभराने थेट मोठ्यांसारखीच दिसणारी, पण अगदी चिमुकली पिल्ले सोडते, त्यामुळे नदीत, विहिरीत किंवा शेततळ्यात एकदा ती स्थिरावली तर काढता येणार नाही. पिल्ले जास्त झाली तर टाकी ठेवणाऱ्या दुसऱ्या एखाद्या घरी द्यावीत, आणि देताना आपल्या टाकीतले मूठभर मॉस आणि बाटलीभर पाणीही बरोबर द्यावे.