छोट्या बेटावर पर्यावरणाचे निर्णय तिथल्याच लोकांकडे असावेत का?

तुम्ही विचारलंय की बेटावरचं बांधकाम, पाणी, पर्यटन यांचे निर्णय स्थानिक संस्थेने घ्यावेत, की वरच्या सरकारने. तुमची भीती अशी की स्थानिक लोक पोटापाण्याकडे बघून बेटाची वाट लावतील.

माझ्या मते निर्णय स्थानिकांकडेच असावेत, पण बेटाला किती झेपतं तो आकडा आधी ठरलेला हवा आणि प्रत्येक परवानगी त्यातून वजा होत गेली पाहिजे.

मी भूजलाच्या कामात आहे, म्हणून पाण्यापासून सुरू करतो. वाळू-प्रवाळाच्या बेटाखाली गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर भिंगासारखं तरंगत असतं. ढोबळ हिशेब असा की गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीपेक्षा १ मीटर वर असेल, तर खाली सुमारे ४० मीटरपर्यंत गोडं पाणी असतं. हाच हिशेब उलटाही चालतो. उपसा वाढून वरची पातळी वीतभर उतरली आणि तशीच राहिली, तर खालचं खारं पाणी हळूहळू आठ-नऊ मीटर वर चढतं. विहिरीत क्षारता मोजायचा प्रोब सोडताना हे प्रत्यक्ष दिसतं. सुरुवातीला केबल खाली जात राहते आणि आकडा जवळजवळ हलत नाही. मग एका खोलीवर हातभर केबल सोडली की तो भराभर चढू लागतो. काठावरून बघणाऱ्याला मात्र विहीर भरलेलीच दिसते. पाण्याची चव बदलेपर्यंत उशीर झालेला असतो, आणि ते भिंग पुन्हा भरायला कित्येक पावसाळे लागतात.

आता बोअरची परवानगी कशी मिळते ते बघा. अर्ज एकेकटा येतो. कागद पूर्ण असतात, मागणारा ओळखीचा, बेटावर तर बहुतेकदा नात्यातलाच. एका बोअरने काय होणार, असं सगळ्यांनाच मनापासून वाटतं. यात लबाडी असेलच असं नाही. सगळ्या परवानग्यांची बेरीज कुणीच मांडलेली नसते, एवढंच.

फिलिपिन्समधल्या बोराकायचं हेच झालं. बेट जेमतेम १० चौरस किलोमीटरचं. किनाऱ्यालगत ३० मीटर पट्टा मोकळा ठेवायचा नियम होता, तरी त्यात बांधकामं झाली, सांडपाणी समुद्रात जाऊ लागलं. शेवटी एप्रिल २०१८मध्ये राष्ट्राध्यक्ष दुतेर्ते यांनी अख्खं बेट सहा महिने पर्यटकांना बंद केलं आणि बोटवाल्यांपासून हॉटेलात भांडी घासणाऱ्यांपर्यंत हजारोंचं काम गेलं. बेट पुन्हा उघडताना मर्यादा ठरली: एका वेळी १९,२१५ पर्यटक. हाच आकडा आधी ठरला असता तर? यावरून ‘बघा, वरच्या सरकारनेच बेट वाचवलं’ असं म्हणणारे भेटतात. मला ते पटत नाही. नियम मोडले जात होते तेव्हा वरच्या सरकारची खातीही होतीच की.

उलट बाजूला ऑस्ट्रेलियाचं लॉर्ड हाव बेट. तिथे एका वेळी ४०० पर्यटकांची मर्यादा आहे. कारभार बघणाऱ्या मंडळाच्या सात सदस्यांपैकी चार बेटवासी निवडून देतात. १९१८मध्ये एक जहाज किनाऱ्याला लागलं आणि त्यातून उंदीर बेटावर उतरले. जगात दुसरीकडे कुठेही नसलेल्या पाच जातींचे पक्षी त्या उंदरांपायी संपले. विष घालून सगळे उंदीर मारायचा प्रस्ताव आला तेव्हा बेट दुभंगलं. मुलाबाळांचं काय, गुरांचं काय, ज्या पक्ष्यांना वाचवायचं त्यांनीच विष खाल्लं तर काय? हे प्रश्न रास्त होते. २०१५मध्ये लोकांचा कौल घेतला तेव्हा बाजूने पडली फक्त ५२ टक्के मतं. काम सुरू झालं २०१९मध्ये. वुडहेन हा न उडणारा पक्षी विष खाऊ नये म्हणून बहुतेक वुडहेन पकडून त्या काळापुरते पिंजऱ्यात ठेवले. पुढे त्यांची संख्या काही पटींनी वाढली.

मला या गोष्टीत ते ५२ टक्के फार महत्त्वाचे वाटतात. पैसा आणि तज्ज्ञ बाहेरून आले, तरी विषाच्या पेट्या वस्तीतही ठेवायच्या होत्या. त्यासाठी विरोधात मत दिलेल्यांनाही आपल्या घराची, अंगणाची दारं उघडावी लागणार होती. एकही घर सुटलं तर उंदरांची एक जोडी उरणार आणि सगळं मुसळ केरात. असं काम नुसता हुकूम काढून तडीस जात नाही, त्यासाठी शेजाऱ्याने शेजाऱ्याशी वर्षानुवर्षं बोलावं लागतं.

स्कॉटलंडच्या एग बेटावर लोकांनी विजेपुरता असाच आकडा ठरवला. बेट १९९७मध्ये रहिवाशांचा सहभाग असलेल्या न्यासाने विकत घेतलं. २००८पासून वारा, ऊन आणि ओढ्यांवर चालणारी त्यांची स्वतःची वीज आहे, आणि एका घराने एका वेळी ५ किलोवॉटच्या वर जायचं नाही. श्रीमंत-गरीब सगळ्यांना तेवढंच.

तुमच्याकडे पुढची बैठक होईल तेव्हा नव्या अर्जावर वाद घालू नका. आजवर एकूण किती बोअर, किती खोल्या, किती बोटी मंजूर झाल्या, ते विचारा. बहुधा पहिल्या बैठकीत उत्तर मिळणार नाही. पुढच्या बैठकीतही तेच विचारा. आणि कुणाची वाट न बघता दोन-तीन विहिरी ठरवून घ्या, महिन्यातून एकदा ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या खोलीवर क्षारता मोजा आणि आकडे कार्यालयाच्या फळ्यावर खडूने लिहा. साधा मीटर पुरतो, शाळेतली मुलंसुद्धा हे करू शकतात.