परतीचे भाडे आधी बाजूला

चि. मुलीस, अनेक आशीर्वाद.

परवा वरुडच्या बाजारात तुझे बाबा भेटले. लेक ऑस्ट्रेलियाला निघाली, हे सांगताना त्यांचा चेहरा फुलला होता. पण त्याच दमात त्यांनी संत्र्याच्या दोन एकरांवर कर्ज काढण्याचा विचार बोलून दाखवला, म्हणून हे पत्र लिहितो आहे. तू ज्या ‘वर्क अँड हॉलिडे’ व्हिसाची तयारी करते आहेस, त्याच्या नावात काम आणि सुट्टी हे दोन्ही शब्द आहेत. फिरता फिरता खर्च निघावा, एवढीच त्या कामाकडून अपेक्षा असते. बारा महिन्यांच्या मुक्कामासाठी वावर गहाण पडले, की तू तिथे फिरायला नव्हे तर हप्ते फेडायला गेलेली असशील, आणि हप्त्याच्या धाकात असलेल्या माणसाला वाईट मालक सोडता येत नाही. आगाऊ रक्कम घेतलेल्या सालदाराची काय गत होत असे, ते एकदा आजोबांना विचार.

शिवाय अजून काहीच हाती आलेले नाही. भारतीयांसाठी हा मार्ग २०२४ मध्ये खुला झाला. १८ ते ३० वर्षांच्या तरुणांसाठी वर्षाला १,००० जागा आहेत आणि अर्ज करण्याची संधी सोडतीतून मिळते. सोडतीची नोंदणी २५ ऑस्ट्रेलियन डॉलरची असून पासपोर्ट आणि पॅन कार्ड हाताशी असले की ती स्वतःला करता येते. मागे आपल्याच भागातील एका मुलाकडून कोणा एजंटाने ‘नाव लावून देतो’ म्हणून मोठी रक्कम उकळली; नाव काही लागले नाही आणि पैसेही परत आले नाहीत. सोडतीत कोणाची ओळख चालत नाही.

नाव निघाले तर व्हिसाच्या अर्जासाठी २८ दिवस मिळतात, आणि तेवढ्यात सगळी जमवाजमव होणे कठीण असते. बारावीनंतर किमान दोन वर्षांचे शिक्षण लागते. तुझी पदवी झालेली असल्याने ती चिंता नाही. आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत सरासरी ४.५ गुण पुरतात, परंतु परीक्षेची तारीख घेणे आणि निकाल हाती येणे यात दिवस जातात, तेव्हा ती आधीच दे. अर्जाचे शुल्क साडेसहाशे डॉलरच्या वर आहे. सुरुवातीच्या खर्चासाठी खात्यात साधारण ५,००० डॉलर आणि त्याशिवाय प्रवासाचे भाडे दाखवावे लागते. ही रक्कम घरच्या बचतीतून उभी राहत नसेल तर एक हंगाम थांब. वयाची मुदत अजून आहे. परतीच्या भाड्याचे पैसे वेगळ्या खात्यात टाक आणि ते नाहीतच असे समज.

आता कामाविषयी. फळांच्या तोडणीला गेलीस तर मजुरी नगावर किंवा वजनावर ठरवलेली असू शकते. कापूस वेचणीचा किलोचा भाव आणि रोजाची मजुरी यांतला फरक तुला कोणी शिकवायला नको. शेताच्या धुऱ्यावर त्या दोहोंवरून होणारी भांडणे तू लहानपणापासून ऐकत आली आहेस. तिथे २०२२ पासून फळबागांतील अशा मजुरांना तासाच्या किमान मजुरीची हमी आहे, म्हणजे माल कमी निघाला तरी तासाचा ठरलेला दर द्यावाच लागतो. त्यासाठी रोज किती वाजता सुरू केले, किती वाजता थांबलो, मधली सुट्टी किती, हे स्वतःच्या वहीत लिहून ठेव. मजुरी बुडवली तर फेअर वर्क ऑम्बड्समन या सरकारी कार्यालयाकडे दाद मागता येते, आणि त्या वेळी ही वहीच कामी येते. एका मालकाकडे सहसा सहा महिन्यांपेक्षा जास्त काम करता येत नाही, हेही ध्यानात असू दे.

पोचल्यावर टॅक्स फाइल नंबर, म्हणजे तिथला कराचा क्रमांक, काढ. तो विनाशुल्क मिळतो. या व्हिसावर पहिल्या ४५,००० डॉलरपर्यंत साधारणपणे १५ टक्के कर कापला जातो. मालक निवृत्तिवेतनाच्या खात्यातही रक्कम भरतो, मात्र देश सोडताना ती काढली की तिच्यातून ६५ टक्के कर जातो, तेव्हा त्या पैशावर इथे बसून मनोरे रचू नकोस. भारतीयांना तिथल्या सरकारी आरोग्य योजनेचा लाभ नाही, म्हणून विमा इथूनच घे. त्यात मात्र काटकसर नको.

आई लोणचे, शेवया, डिंकाचे लाडू बांधून देईल, ते मी जाणतो. विमानात मिळणाऱ्या कार्डावर खाण्याचा प्रत्येक जिन्नस घोषित कर. बियाणे आणि दुधाचे पदार्थ यांबाबत ते लोक फार कडक आहेत आणि लपवल्यास विमानतळावरच दंड करतात.

या रविवारी पासपोर्ट, पॅन कार्ड आणि पदवी प्रमाणपत्र घेऊन ये. तिन्हींवरचे नाव शेजारी ठेवून ताडून पाहू. आपल्याकडे कुठे वडिलांचे नाव मध्ये येते, कुठे आडनाव आधी, आणि ती दुरुस्ती करायची झाली तर नागपूरच्या फेऱ्या लागतील.

तुझा काका