मावशीच्या मेसचा हिशेब करणारा मुलगा वेळ वाया घालवत नाही

पत्र (संक्षिप्त): माझा मुलगा इंदूरच्या एका खाजगी कॉलेजात कॉम्प्युटर सायन्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे. जीएसआयटीएस हे इथलं नावाजलेलं इंजिनीअरिंग कॉलेज थोडक्यात हुकलं. बेंगळुरूचे माझे मेहुणे म्हणतात, गूगल-मायक्रोसॉफ्टमध्ये लागला तरच या लाइनीत अर्थ आहे, नाहीतर आता सगळं एआयच लिहितो, त्यापेक्षा एमबीएची तयारी करू दे. एका संस्थेचा ११ महिन्यांचा प्रोग्रामिंगचा कोर्स आहे, 'प्लेसमेंट गॅरंटी'सह. फी २ लाख ४० हजार. ५ हजार भरून सीट बुक केली आहे, उरलेल्या रकमेचं कर्ज तेच करून देतात. मुलगा मात्र तयार नाही. भंवरकुआला त्याच्या मावशीची टिफिन मेस आहे, रोज संध्याकाळी तिथे जाऊन तिच्या हिशेबाचा प्रोग्राम करत बसतो. समजावून थकलो. काय करावं?
— एक वडील, सुदामा नगर, इंदूर

सप्रेम नमस्कार,

कोर्स, एआय आणि गूगल या तिन्हींबद्दल लिहितेच, पण तुम्ही जी गोष्ट तक्रार म्हणून शेवटी लिहिलीत ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटली, म्हणून आधी मेस.

दुसऱ्या वर्षाच्या फार थोड्या मुलांच्या वाट्याला असं काम येतं. कॉलेजात प्रॅक्टिकलला लिहिलेला प्रोग्राम परीक्षक एकदा चालवून बघतात आणि फाइल मिटते. त्यात चूक राहिली तर कुणाचं काही बिघडत नाही. मावशीकडे चूक राहिली तर महिनाअखेरीला एखादा मुलगा दारात उभा राहून म्हणतो, "काकू, मी दहा दिवस घरी गेलो होतो, पैसे पूर्ण कसे लावले?"

समजा महिन्याचा डबा २,४०० रुपयांना आहे. ३० दिवसांच्या महिन्यात रोजचे ८० होतात. ३१ दिवसांच्या महिन्यात रोजचे ७७.४२ येतात आणि ते ३१ ने गुणले की २,४००.०२. फेब्रुवारीत रोजचे ८५.७१, गुणिले २८ म्हणजे २,३९९.८८. कुठे दोन पैसे जास्त, कुठे बारा कमी. त्यात आणखी एक भानगड आहे. संगणक अपूर्णांक आपल्यासारखे दशमान पद्धतीत ठेवत नाही, द्विमान पद्धतीत ठेवतो. त्यासाठीचं आयईईई ७५४ हे मानक १९८५ पासूनचं. त्यामुळे पायथॉन किंवा जावास्क्रिप्ट या प्रोग्रामिंगच्या भाषांमध्ये ०.१ आणि ०.२ यांची बेरीज केली की उत्तर ०.३०००००००००००००००४ असं येतं. म्हणून जाणते प्रोग्रामर रक्कम रुपयांत न ठेवता पूर्ण पैशांत ठेवतात. पुस्तकात ही एक ओळ असते आणि परीक्षेनंतर विसरली जाते. हिशेब जुळत नाही म्हणून रात्री उशिरापर्यंत कारण शोधणारा मुलगा ती विसरत नाही.

खरं शिक्षण तर याच्याही पुढचं आहे. एक दिवसाची सुट्टी मावशी वजा करते, की सलग तीन दिवस झाल्यावरच? सकाळी नऊनंतर निरोप आला तर त्या दिवसाचा डबा धरायचा का? दोन भाऊ एकाच खात्यावर जेवतात आणि त्यातला एक मध्येच गावी गेला, तर? हे नियम कुठे लिहिलेले नसतात. ते मावशीच्या डोक्यात असतात, आणि कुणी नेमकं विचारल्याशिवाय तिलाही सांगता येणार नाहीत. ते विचारून काढायचे, लिहून ठेवायचे, दोन नियम एकमेकांना आडवे आले की तिच्याजवळ बसून निकाल लावायचा, हे काम तुमचा मुलगा एकोणीस-वीसच्या वयात करतो आहे. मोठ्या कंपन्यांत यासाठी वेगळी माणसं नेमतात, आणि तरीही कित्येक प्रकल्प नेमके इथेच फसतात.

आता एआय. तुमच्या मेहुण्यांची काळजी निराधार नाही. चॅटजीपीटी नोव्हेंबर २०२२ मध्ये लोकांपुढे आलं. तेव्हापासून फॉर्म बनवणं, एका भाषेतला कोड दुसरीत नेणं, ठरावीक साच्याच्या टेस्ट (म्हणजे कोड बरोबर चालतो का ते तपासणारे छोटे प्रोग्राम) लिहिणं ही कामं यंत्राकडून मिनिटांत होऊ लागली आहेत. पंचाईत अशी की कंपन्या नव्या मुलांना पहिली एक-दोन वर्षं हीच कामं देत आल्या. तेव्हा ज्याला फक्त सांगितलेला कोड टाइप करता येतो, त्याची वाट खरोखरच अवघड होत चालली आहे. मी कुठल्याच पालकाला खोटा दिलासा देणार नाही.

पण मावशीचा तीन दिवसांचा नियम कुठल्या यंत्राला माहीत आहे? बिलाचा कोड एआयकडून लिहून घ्यायला माझी हरकत नाही, मुलाने खुशाल घ्यावा. मात्र आलेला कोड ओळ न् ओळ वाचून, फेब्रुवारीत हा चुकेल, असं त्याला सांगता आलं पाहिजे. दिसायला बरोबर असलेली चूक पकडायची तर आधी स्वतः पुष्कळ चुका करून त्या निस्तरलेल्या असाव्या लागतात. म्हणून निदान पहिली दोन वर्षं नवी गोष्ट शिकताना आधी स्वतः लिहायचं, अडायचं, एररचा मेसेज नीट वाचायचा आणि मगच एआयला विचारायचं, असा नेम त्याने पाळावा असं मला मनापासून वाटतं. जी मुलं पहिल्याच ओळीपासून उत्तर मागून घेतात, त्यांना मुलाखतीत स्वतःच्याच प्रोजेक्टमधला एक साधा बदल करता येत नाही. हे बघताना फार वाईट वाटतं, कारण ती मुलं आळशी नसतात.

गूगल-मायक्रोसॉफ्टचं स्वप्न बघू नये असं मी म्हणणार नाही. तिथे काम मोठं असतं, सोबतची माणसं तयारीची असतात, पगार चांगला असतो. फक्त तिथे लागला तर जिंकला, नाहीतर हरला, हा हिशेब मुलाच्या डोक्यात घालू नका. नोव्हेंबर २०२२ मध्ये मेटाने ११ हजार लोक कमी केले. जानेवारी २०२३ च्या एका महिन्यात गूगलने सुमारे १२ हजार, मायक्रोसॉफ्टने १० हजार आणि अॅमेझॉनने १८ हजार लोक कमी करत असल्याचं जाहीर केलं. त्यांत हुशार, मेहनती माणसं होती. जी नोकरी दुसऱ्याच्या एका ईमेलने जाते, तिच्यावर मुलाची किंमत ठरवू नये. शिवाय या कंपन्यांची विद्या आता त्यांच्या भिंतींच्या आत राहिलेली नाही. फेसबुकने वेबसाइट बनवण्याचं रिअॅक्ट हे साधन २०१३ मध्ये सगळ्यांसाठी खुलं केलं, गूगलने अनेक सर्व्हरवर प्रोग्राम चालवण्याचं कुबरनेटीस २०१४ मध्ये. दोन्हींचा कोड सुदामा नगरात बसून फुकट वाचता येतो. तुमच्या मुलाने त्यातली एखादी फाइल उघडून वाचायची सवय लावून घ्यावी, कारण नोकरीत स्वतः लिहिण्यापेक्षा दुसऱ्याचं लिहिलेलं वाचण्यातच जास्त वेळ जातो.

इथल्या इथेही सुपर कॉरिडॉरवर टीसीएस आणि इन्फोसिस आहेत, इम्पेटससारखी कंपनी इंदुरातूनच वाढली. दुसऱ्या कंपन्यांची सॉफ्टवेअरची कामं करून देणाऱ्या अशा सर्व्हिस कंपनीत फ्रेशरला साडेतीन लाखांच्या आसपास पॅकेज मिळतं. नातेवाइकांत सांगायला ते कमी वाटत असेल, सुरुवात म्हणून त्यात लाज वाटण्यासारखं काहीच नाही. तिथे कामाचा प्रकल्प मिळतो की नुसतं बसवून ठेवतात, हे मात्र वर्षभरात बघावं आणि त्याप्रमाणे हलावं. एमबीएचा विचार आत्ता नको. दोन-तीन वर्षं काम केल्यावर त्याला स्वतःला हवंसं वाटलं तर बघता येईल.

कोर्सबद्दल मी स्पष्टच सांगते, घेऊ नका. करारनामा मागवा आणि 'गॅरंटी' हा शब्द सहीच्या कागदावर आहे का ते बघा. जाहिरातीत गॅरंटी आणि करारात 'सहाय्य', असा प्रकार पुष्कळदा असतो. हजेरी इतके टक्के, प्रत्येक चाचणीत इतके गुण, सांगू त्या शहरात जायची तयारी, अशा अटी आणि एक अट मोडली की हमी संपली. दुसरी गोष्ट कर्जाची. हे कर्ज संस्थेचं नसतं, एखाद्या वित्त कंपनीचं असतं. वर्ग आवडले नाहीत, मुलाने मध्येच सोडले किंवा संस्थाच बंद पडली, तरी हप्ते तुमच्या नावावर चालू राहतात आणि थकले तर तुमचा क्रेडिट स्कोअर खराब होतो. आणि शिकवणार काय, तर डेटा स्ट्रक्चर्स (माहिती मांडून ठेवायच्या पद्धती), अल्गोरिदम (प्रश्न सोडवायच्या पायऱ्या), वेबसाइट बनवणं. हार्वर्ड विद्यापीठाचा सीएस५० हा कॉम्प्युटर सायन्सचा सुरुवातीचा कोर्स इंटरनेटवर फुकट आहे. आयआयटी आणि आयआयएससीच्या प्राध्यापकांची एनपीटीईएल या ऑनलाइन शिक्षणाच्या उपक्रमातली व्याख्यानं फुकट आहेत, प्रमाणपत्र हवं असेल तरच परीक्षेची थोडी फी भरावी लागते. एकट्याने अभ्यास होत नसेल तर कॉलेजातल्या दोन-तीन मित्रांनी मिळून बसावं.

मेसचा प्रोग्राम मात्र आता नीट शिस्तीत आणायला हवा. सगळा कोड गिटमध्ये (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) ठेवायचा, म्हणजे कुठला बदल कधी आणि का केला ते वर्षानंतरही दिसतं. डेटाचा बॅकअप रोज, मावशीच्या फोनपासून वेगळ्या जागी, आणि महिन्यातून एकदा तो बॅकअप परत भरून बघायचा. ही शेवटची पायरी बहुतेक लोक गाळतात आणि मग ऐन वेळी फाइल उघडत नाही. चूक सापडली की आधी ती पकडणारी टेस्ट लिहायची, मग दुरुस्ती. मावशीने दर महिन्याला थोडे का होईना, पैसे द्यावेत. पैसे देणारं माणूस हक्काने तक्रार करतं, आणि तुमच्या मुलाला त्या तक्रारींचीच गरज आहे. त्या भागात मेस पुष्कळ आहेत. आणखी दोन मेसवाल्यांनी हा प्रोग्राम वापरला तर प्रत्येकाचे नियम वेगळे निघतील आणि अर्धा कोड नव्याने लिहावा लागेल. तो त्याने जरूर लिहावा.

तिसरं वर्ष सुरू झालं की रोज एक-दीड तास डेटा स्ट्रक्चर्सचे प्रश्न सोडवायला लागू दे. मोठ्या कंपन्यांच्या मुलाखतीत तेच विचारतात, आणि ते सरावाने येतं.

संस्थेला या आठवड्यातच लेखी कळवा की प्रवेश घ्यायचा नाही आणि बुकिंगचे ५ हजार परत हवेत. कर्जाच्या अर्जावर ओटीपी किंवा सही दिली असेल तर वित्त कंपनीलाही वेगळा ईमेल करून कर्ज रद्द करायला सांगा, फोनवरच्या आश्वासनावर राहू नका. पाच हजार परत मिळाले नाहीत तरी पुढचे पैसे भरू नका. आणि एखाद्या संध्याकाळी मुलाबरोबर मेसवर जा, त्याला प्रोग्राम दाखवायला सांगा. अडचण आली तर मला पुन्हा लिहा, शक्यतो त्यालाच लिहू द्या.