वेल्डर व्हायचंय, ट्रेनिंगमध्ये आधी स्टिक शिकू की मिग?

आधी स्टिक, म्हणजे साधं रॉडचं वेल्डिंग शिका. रॉड जळत आखूड होत जातो त्यामुळे हात सारखा खाली नेत आर्कचं (रॉडचं टोक आणि मेटल यांच्यातल्या विजेच्या ज्योतीचं) अंतर साधारण रॉडच्या जाडीएवढंच ठेवावं लागतं, वर अँगल आणि स्पीड पण सांभाळायचा, हात खरा इथेच बसतो. मिगमध्ये वायर मशीनच पुढे ढकलतं, बीड (वेल्डची रेघ) लवकर देखणी दिसते पण खाली मेटल नीट वितळलेलं नसू शकतं आणि ते वरून कळतही नाही, पीस वाकवून तोडला की समजतं (नवीन पोरांना शिकवताना हे नेहमी बघतो). सुरुवात ६०१३ नंबरच्या रॉडने करा, ७०१८ नंबरचा रॉड नंतर. फक्त पातळ स्टेनलेसचंच काम करायचं पक्कं असेल तर थेट टिग (टंगस्टनच्या टोकाने आर्क काढून करायचं वेल्डिंग) घेतलं तरी चालेल.