प्रश्नोत्तरे : नाना भाषांची युनियन

प्रश्न : परदेशातून आलेले मजूर, एकमेकांची भाषा येत नाही, नोकरी जायची भीती. अशांची युनियन उभी राहते तरी कशी? की कुणी पुढारी येऊन भाषण ठोकतो आणि सगळे त्याच्या मागे जातात?

उत्तर : पुढारी लागतो, पण तो नंतर. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातलं लॉरेन्स हे गिरण्यांचं शहर घ्या. १९१२ साली तिथं इटालियन, पोलिश, लिथुएनियन, सीरियन असे नाना देशांचे लोक कामाला होते. कायद्यानं बायका-मुलांचा कामाचा आठवडा ५६ तासांवरून ५४ वर आणला. मालकांनी मजुरीही तेवढीच कापली. ११ जानेवारीला एव्हरेट गिरणीतल्या पोलिश बायकांना ३२ सेंट कमी मिळाले. माग बंद करून त्या बाहेर पडल्या आणि काही दिवसांत वीस हजारांवर माणसं रस्त्यावर आली. (मी युनियनची पत्रकं आयुष्यभर लिहिली, पण पगाराच्या पाकिटाइतकं जहाल पत्रक मला कधी जमलं नाही.)

मग आय.डब्ल्यू.डब्ल्यू. (इंडस्ट्रियल वर्कर्स ऑफ द वर्ल्ड) या कामगार संघटनेचा पुढारी जोसेफ एटर आला. त्याची भाषणं गाजली, पण खरं काम केलं ते संपसमितीनं. तिच्यात प्रत्येक देशाच्या गटाचे प्रतिनिधी होते आणि सभांचा वीसहून अधिक भाषांत तर्जुमा व्हायचा. काम मोठं कंटाळवाणं! पण ठराव स्वतःच्या भाषेत ऐकून त्यावर भांडताही येत असल्यामुळे एखाद्या गटाला फोडणं मालकांना जड गेलं. गिरणीच्या दारात घोळका करायला बंदी होती. मग हजारोंनी न थांबता गिरण्यांभोवती फेरी धरली. जानेवारीअखेर एटरला अटक झाली, तरी संप मार्चच्या मध्यापर्यंत चालला.

भीती होतीच, आणि उपासमारही. संपकऱ्यांची मुलं दुसऱ्या शहरांत सांभाळायला पाठवली जात होती. २४ फेब्रुवारीला स्टेशनवर पोलिसांनी आयांना आणि मुलांना झोडपलं. देशभर बोभाटा झाला, संसदेच्या समितीनं चौकशी केली. यंत्रात केस अडकून टाळूची कातडी सोलली गेलेल्या कॅमेला टिओली या किशोरवयीन मुलीनं तिथं साक्ष दिली. शेवटी पगारवाढ मिळाली.

युनियन मात्र दोनेक वर्षांत विरली. मंदी, मालकांचे हेर, काळ्या याद्या ही कारणं आहेतच. पण मालकाशी मुदतीचा लेखी करार करणं आय.डब्ल्यू.डब्ल्यू.ला तत्त्वतःच मान्य नव्हतं, आणि माझ्या मते घोडं तिथंच पेंड खात होतं.